हुणसेवाडीची पहिली

मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गोपाळकृष्ण उपाध्ये यांच्याकडे उस्मानाबाद जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळा तपासायचं काम आलं. माणूस तुळजापूरचा, घराणं पुजाऱ्यांचं. पण शिक्षण झालं ते निजामाच्या अमलात, उर्दूतून. मराठी कागदावर सही करताना अजूनही त्यांचा हात आधी उजव्या कडेला जायचा आणि मग ओशाळून डावीकडे यायचा. ऑफिसातले कारकून हसायचे. तेही हसायचे.

जिल्ह्याचे मोठे साहेब चिटणीस म्हणून होते. पुण्याकडून बदलून आलेले, खादीतले, सरळ माणूस. त्यांचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता. चांगली पुस्तकं, शिकलेले मास्तर आणि वेळच्या वेळी तपासणी, एवढं झालं की या देशातली शाळा दहा वर्षांत ओळखू येणार नाही. पुण्या-मुंबईकडून खोक्यांवर खोकी येत होती. नवी पुस्तकं, नवी वेळापत्रकं, सूत काढायच्या टकळ्या. गोपाळकृष्णांना हे सगळं मनापासून आवडायचं. फक्त एक प्रश्न त्यांना सोडत नसे. खोकं गावात पोचल्यावर पुढं काय होतं?

ते बघायला म्हणून ते हुणसेवाडीला गेले. मुरुमच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला लागून असलेलं हे खेडं. शाळा बसवण्णाच्या देवळाच्या ओवरीत भरायची. कागदोपत्री या शाळेची एक तऱ्हा होती. पहिलीत पोरं उदंड, दुसरीत चार-दोन, पुढं कुणीच नाही. पहिलीतल्या एका पोराला तर मिसरूड फुटायला आली होती.

मास्तर भूमकडचे होते. त्यांनी छडी वर केली आणि वर्ग एका सुरात धडा म्हणू लागला. एकही शब्द चुकला नाही. गोपाळकृष्णांना बरं वाटलं. मग त्यांनी पहिल्या रांगेतल्या दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीजवळ बसून पुस्तक पुढं केलं.

"यात 'घर' कुठं लिहिलंय, बोट ठेव बघू."

मुलीनं बोट ठेवलं, पण ते पानाच्या कडेला काढलेल्या बदकावर.

"तुझं नाव काय गं?"

"नीलम्मा."

"घरी कोण कोण आहे, नीलम्मा?"

ती गप्प झाली. त्यांनी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. नाव सगळ्यांनी सांगितलं. त्यापुढं एकानंही तोंड उघडलं नाही.

"डोकीच न्हाईत, साहेब," मास्तर म्हणाले. "तीन सालं झाली, म्या घसा फोडायलोय. दगडं हायती नुसती."

गोपाळकृष्णांनी शेऱ्यात 'मुले मंद' असं लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता थांबले. एक मूल मंद असतं, दोन असतील. एक अख्खं गाव मंद कसं असेल?

परतीच्या गाडीला वेळ होता. मुरुमचा बाजार भरला होता, म्हणून ते हिंडत राहिले. भाजीच्या ओळीत त्यांना ओळखीचा आवाज ऐकू आला. नीलम्माच होती ती. आईच्या शेजारी मिरच्यांचा ढीग मांडून बसलेली. एका बाईशी कानडीत हुज्जत चालली होती. तेवढ्यात टोपीवाला एक माणूस वाकला, तर त्याला म्हणाली, "दाबून बघू नका री काका, मिरची हाय, आंबा न्हाय!" तो हसत गेला आणि एक म्हातारे खाँसाहेब आले. त्यांच्याशी ती दखनीत बोलू लागली. "लेव ना चाचा, कल बासी हो जाती."

गोपाळकृष्ण उभेच राहिले. तीन भाषा, तिन्ही खणखणीत. आणि हीच मुलगी सकाळी घरी कोण आहे ते सांगू शकली नव्हती.

ते पुढं होऊन बसले. तिची आई इरम्मा घाबरली. साहेब दंड करायला आले, असं तिला वाटलं.

"दंड नाही हो बाई," ते म्हणाले. "मला एक कोडं पडलंय. ही इथं एवढी बोलते, मग शाळेत का बोलत नाही?"

नीलम्मानं आईकडं बघितलं. मग मान खाली घालून म्हणाली, "शाळंत बोललं की मार बसतो."

"कशाबद्दल?"

"मास्तरनी फळ्यावर झाड काडलं. हे काय म्हनून इचारलं. म्या म्हनलं, मर. तर मला लई मारलं."

गोपाळकृष्णांना क्षणभर कळेना. मग इरम्मानं समोरच्या लिंबाकडं हात केला आणि म्हणाली, "मर री. आमच्यात ह्येला मर म्हंत्यात. कानडीत झाड म्हंजे मर."

मास्तरांनी फळ्यावरच्या झाडाचं नाव विचारलं होतं. पोरीनं बरोबर उत्तर दिलं होतं. मास्तरांना ऐकू आलं, की पहिलीतली पोर आपल्याला मर म्हणते आहे. त्या दिवसापासून अख्ख्या वर्गानं ठरवून टाकलं, की शाळेत नाव सांगायचं, धडा म्हणायचा आणि बाकी तोंड बंद ठेवायचं.

"आनि त्या पुस्तकात," नीलम्माला आता धीर आला होता, "आई पानी आनती, आई भाकर करती. आमची आई तर म्हातारी हाय. तिला दिसत न्हाय."

तिच्या घरी आईला अव्वा म्हणत आणि आजीला आई.

गाडीत बसल्यावर गोपाळकृष्णांना त्यांची स्वतःची पहिली आठवली. तुळजापूरच्या घरात सगळं मराठी आणि मदरशात सगळं उर्दू. एक कविता त्यांनी दोन वर्षं घोकली होती आणि तिच्यात एक कबूतर आहे हे पुढं कधीतरी कळलं होतं. ते त्यातून पार पडले. किती जण पार पडले नसतील, हा विचार त्यांच्या मनात आजवर आला नव्हता.

उस्मानाबादला आल्यावर त्यांनी चिटणीसांना सगळं सांगितलं. चिटणीस म्हणाले, "दोन्ही भाषा येणारा शिक्षक शोधा."

शिक्षक सापडला नाही, शिक्षिका सापडल्या. मुरुमच्या मुलींच्या शाळेतल्या गिरिजाबाई. लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातल्या, बोलायला फटकळ. भूमच्या मास्तरांच्या जागी खेड्यात जायला त्या तयार झाल्या, पण एका अटीवर.

"दिवाळीपर्यंत कुणी तपासायला यायचं न्हाय. तुम्हीसुद्धा न्हाय."

"का बरं?"

"तुम्ही आलात की मला धडा म्हणून दाखवावा लागंल. मग मी धडाच घोकून घेईन."

दिवाळी झाली आणि गोपाळकृष्ण गेले. ओवरीच्या बाहेरूनच गलका ऐकू येत होता. आत पुस्तक कुठं दिसत नव्हतं. एक मुलगा उभा राहून वाटेत काय बघितलं ते कानडीत सांगत होता आणि गिरिजाबाई तेच मराठीत सांगत होत्या. पण मुद्दाम चुकवून.

"शेळी झाडावर चढली आणि शेळीनं अंडं घातलं."

"न्हाय! न्हाय!" वर्ग उठून उभा राहिला. "शेळी अंडं न्हाय घालत! शेळी पाला खाती!"

"असं व्हय? मग ते फळ्यावर लिहू या. शेळी पाला खाते."

बाईंनी लिहिलं आणि पोरांनी वाचलं. घोकलेलं नव्हतं. बाईंची चूक पकडली होती, म्हणून वाचलं. नीलम्मा मधे शाळा सोडून घरी बसली होती, ती आता पुन्हा येत होती. इरम्मा आधी राजी नव्हती. आता लग्नाला आलेली पोर, पहिलीत कशाला? गिरिजाबाई बाजारात तिच्या ढिगापाशी जाऊन बसल्या, उठेचनात, तेव्हा कुठं ती कबूल झाली.

या गोष्टीचा बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. सीमेचा वाद तेव्हा तापलेला होता. 'मराठी मुलखात सरकारी पैशानं कानडी शाळा' असा तक्रारअर्ज चिटणीसांकडे आला. ते स्वतः गाडी काढून, गोपाळकृष्णांना बरोबर घेऊन आले. कपाळाला आठी होती. ओवरीत बसून त्यांनी नीलम्मालाच उभं केलं आणि म्हणाले, "मराठीत काहीतरी सांग. काहीही."

नीलम्मानं गावच्या पोळाची गोष्ट सांगितली. देवाला सोडलेला तो वळू जुन्या मास्तरांच्या खोलीत शिरला, खाटेवर बसला, खाट मोडली, आणि अख्खं गाव हळदीकुंकू घेऊन त्याला बाहेर यायची विनवणी करत राहिलं. मराठी तिचं बाजारातलं होतं, पुस्तकातलं नव्हतं, पण वळू दिसत होता. चिटणीस आधी गालात हसले, मग मोठ्यानं हसले. मग तिनं फळ्यावरच्या चार ओळी वाचून दाखवल्या.

परतताना गाडीत ते म्हणाले, "उपाध्ये, हे एका गावात ठेवून चालणार नाही. जिल्हाभर न्यायचं. तुम्ही परिपत्रक लिहा."

गोपाळकृष्णांनी ते फार उमेदीनं लिहिलं. प्रत्येक शाळेनं पहिलीत रोज पहिला अर्धा तास मुलांना घरच्या बोलीत बोलू द्यावं, मग त्यातूनच वाचायला शिकवावं. उदाहरण म्हणून झाडाची आणि 'मर'ची हकिगतही घातली. छापील परिपत्रक हातात आलं तेव्हा त्यांनी घरी पत्नीला वाचून दाखवलं. प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "छान आहे. पण आपल्या इथं कानडी कुणाला येतं?"

"बोली म्हणजे कानडीच असं नाही गं. ज्याची जी असेल ती."

"तसं लिहिलंय का?"

लिहिलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात.

पावसाळा सरल्यावर ते फिरतीवर निघाले. पहिली शाळा येडशीच्या अलीकडची. स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच पोरांचा घोष कानी आला. "मर म्हणजे झाड! मर म्हणजे झाड!" आत पहिलीची मुलं हात जोडून ताठ बसली होती. त्यांतल्या एकाच्याही सात पिढ्यांत कुणी कानडी बोललं नव्हतं.

"परिपत्रकात आहे, साहेब," मास्तर अदबीनं म्हणाले. "रोज अर्धा तास घेतो. एक बाप्या भांडायला आला होता, पोराला मर मर काय शिकवता म्हणून. त्याला परिपत्रक दाखवलं."

तामलवाडीला व्यंकट मास्तर होते. वयानं मोठे, शिस्तीचे, आसपासच्या गावांत नावाजलेले. त्यांच्या फळ्यावर सुबक अक्षरात 'बोलीभाषा तास' लिहिलेलं होतं. तासभर आधीपासून कुणीतरी पहारा दिल्यासारखा वर्ग चिडीचूप.

"मुलं बोलत नाहीत?" गोपाळकृष्णांनी विचारलं.

"बोलतात ना. बोला रे, बोलीत बोला!"

"नमस्ते गुरुजी," वर्ग म्हणाला.

संध्याकाळी तुळजापूरच्या घरी पडल्या पडल्या त्यांना हसूही येत होतं आणि कसंतरीही होत होतं. मास्तर आळशी म्हणावेत तर नव्हते. आज्ञा मोडत होते असंही नाही. जे लिहिलं ते त्यांनी अक्षरशः केलं होतं. मग हुणसेवाडीत जे घडलं ते इथं का घडलं नाही? पूर्वी खोक्यांविषयी पडायचा तोच प्रश्न आता त्यांच्या स्वतःच्या कागदाविषयी पडला होता, आणि त्यांना तो चैन पडू देईना. रजा टाकून ते हुणसेवाडीला गेले.

गिरिजाबाई शाळा सुटल्यावर ओवरीच्या पायरीवर ज्वारी निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून त्या पोट धरून हसल्या.

"हसू नका हो बाई," गोपाळकृष्ण म्हणाले. "काय चुकलं ते सांगा."

"मला काय ठाऊक? मी येडशी बघितली न्हाय." थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "तुम्ही त्या दिवशी मुरुमच्या बाजारात गेला नसता, तर काय लिहिलं असतं?"

"मुले मंद."

"मग त्या मास्तरांना बाजारात कोण घेऊन गेलं? तिथली पोरं का बोलत न्हाईत, ते मास्तरला म्हाईत न्हाय, तुम्हाला न्हाय, मला न्हाय. आणि आपण औषध धाडून मोकळं!"

"पण बाई, सगळ्या शाळांत मी कुठं कुठं पुरा पडणार?"

"ते तुमचं तुम्ही बघा," गिरिजाबाई म्हणाल्या आणि सुपात ज्वारी पाखडू लागल्या.

चिटणीसांनी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकलं. रागावले नाहीत, पण दुखावले. "उपाध्ये, मला एक सांगा. या देशात लाखो शाळा उघडायच्या आहेत. प्रत्येक गावाला मी गिरिजाबाई कुठून आणू? नियम नको म्हणता, तर मग काय करू? मास्तरांच्या भरवशावर सोडू? भूमचे ते मास्तरही मास्तरच होते."

साहेबांचं काही खोटं नव्हतं. गोपाळकृष्ण एवढंच म्हणाले, "साहेब, मला फिरतीत मुलांची परीक्षा घ्यायच्या ऐवजी मास्तरांना एक प्रश्न विचारू द्या. तुमच्या पहिलीत कोण बोलत नाही, आणि का? पुढच्या खेपेला तेवढंच सांगायचं."

"आणि परिपत्रक?"

"राहू द्या. त्यानं कुणाचं वाईट होत नाही. येडशीचं तेवढं मी निस्तरतो."

चिटणीस आता हसले. "करा. जमलं तर मला सांगा. नाही जमलं तरी सांगा."

प्रश्न सोपा होता, पण तो विचारणं अवघड गेलं. व्यंकट मास्तर भडकले. "माझ्या वर्गात सगळी बोलतात. माझी वीस वर्षांची नोकरी झाली, निजामाच्या वेळी नाझर आले, मोहतमीम आले, तपासणाऱ्या सगळ्यांनी चांगला शेरा दिलाय. आता का बोलत नाही ते मी सांगायचं? मग तुम्ही कशाला येता?"

"मला माहीत नाही म्हणून," गोपाळकृष्ण म्हणाले.

हे उत्तर मास्तरांच्या अपेक्षेबाहेरचं होतं. तपासायला आलेला साहेब 'मला माहीत नाही' म्हणतो, हे त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. ते पुटपुटत राहिले, चहाही दिला नाही.

पुढच्या खेपेला मात्र तेच वेशीपर्यंत सामोरे आले. चेहरा पडलेला होता.

"एक आहे," ते म्हणाले. "गोरोबा म्हणून. कुंभाराचा. मागं बसतो. दोन सालं मी त्याला ठोंब्या म्हणत आलो. तुम्ही विचारून गेलात, राग आला, म्हणलं एकदा बघूच. त्याच्या घरी गेलो. बाप चाकावर, हा माती तुडवतोय. मी मागून हाक मारली. एकदा, दोनदा. बापानं मान वळवली, हा नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला डाव्या कानानं ऐकूच येत नाही, साहेब. उजव्यानं थोडं येतं." ते थांबले. "पोरगं रोज माझ्या तोंडाकडं बघत बसायचं आणि मी म्हणायचो, बघ कसा टकामका बघतोय."

"मग?"

"मग काय, पुढं बसवलाय. उजवा कान माझ्याकडं करून. काल 'गाढव' लिहिलं त्यानं. बापाचं गाढव आहे ना." मास्तरांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "तेवढं शेऱ्यात घालू नका."

येडशीच्या अलीकडच्या शाळेत वेगळंच निघालं. तिथं मुली गप्प असायच्या, कारण प्रत्येकीच्या कडेवर एक भावंड असे. ते रडू नये म्हणून ती श्वाससुद्धा जपून घ्यायची. तिथल्या मास्तरांनी धाकट्यांसाठी ओसरीत एक जाजम टाकलं. उमरग्याकडच्या दोन शाळांत मात्र काहीच झालं नाही. तिथल्या मास्तरांनी गोपाळकृष्ण येणार म्हणून एक-एक नाव तयार ठेवलं होतं, कारणही पाठ केलं होतं, आणि ते कारण दोघांचं शब्दशः एकच होतं. ते ऐकताना गोपाळकृष्णांना कळलं, की प्रश्नसुद्धा घोकता येतो.

चिटणीसांची बदली पुण्याला झाली, त्या दिवशी गोपाळकृष्णांनी हे सगळं त्यांना सांगितलं, उमरग्याकडचंही.

"म्हणजे जमलं म्हणायचं की नाही?" चिटणीसांनी ट्रंकेला कुलूप घालता घालता विचारलं.

"काही ठिकाणी जमलं. का जमलं ते कळतंय. बाकीच्या ठिकाणी का नाही, ते अजून नीट कळत नाही."

"मलाही पुण्याला तेच सांगावं लागणार," चिटणीस म्हणाले. "तिथं कुणाला आवडणार नाही."

पुढं महाराष्ट्र झाला, मग जिल्हा परिषद आली आणि शाळा तिच्याकडे गेल्या. नवे साहेब आले, नवी परिपत्रकं आली. नीलम्मा चौथी पास झाली. हुणसेवाडीत चौथीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. लग्न होऊन ती अक्कलकोटकडं गेली. सासरची माणसं मराठी बोलणारी होती, आणि तिचा संसार बरा चालला असल्याचं इरम्मा सांगत असे. गिरिजाबाई निवृत्त होईपर्यंत हुणसेवाडीतच राहिल्या. त्यांच्यानंतर तिथं कोण आलं आणि ओवरीतला गलका टिकला की विरला, हे गोपाळकृष्णांना पक्कं कळलं नाही. त्यांची तेव्हा दुसऱ्या तालुक्यात बदली झाली होती.

तुळजापूरला एकदा शिक्षकांची सभा होती. नव्या योजनेची माहिती द्यायची होती, आणि गोपाळकृष्ण ती देत होते. बाहेर ऊन रणरणत होतं, निम्मे मास्तर पेंगत होते. शेवटी नेहमीप्रमाणे त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

कुणी शंका काढत नसे. पण मागून व्यंकट मास्तर उठले. आता त्यांची निवृत्ती जवळ आली होती.

"योजनेबद्दल नाही, साहेब. वेगळंच आहे. आमच्या तिसरीतली पोरं वाचतात चांगली, पण गणितात वजाबाकी आली की निम्मी पोरं अडतात. हातच्याची. दरसाल तिथंच. मी तऱ्हेतऱ्हेनं शिकवून बघितलं. का अडतात, ते कळंना."

सभेत खसखस पिकली. एवढा जुना मास्तर आणि वजाबाकीची शंका विचारतो! पण येडशीकडचे मास्तर म्हणाले, "अहो, माझीही तिथंच अडतात." आणखी एकजण म्हणाला, "माझी नाही अडत."

"नाही अडत?" व्यंकट मास्तर त्यांच्याकडं वळले. "का नाही अडत?"

त्या मास्तरांना सांगता येईना. ते चाचरले, मग म्हणाले, "तसा विचार कधी केला नाही. तुम्ही येऊन बघा की."

योजनेचे कागद तसेच टेबलावर राहिले. सभा मोडली तरी चार-पाचजण दारात उभे राहून बोलतच होते. एकानं दारापाशी खडू मागून घेतला आणि भिंतीवर वजाबाकी मांडली. गोपाळकृष्ण गर्दीत शिरले आणि टाचा उंचावून बघू लागले.